केझिकच्या काठावर

वर्ध्यात लहानाची मोठी झालेल्या मुलीला 'सर्वोदय' हा शब्द कुणी शिकवावा लागत नाही. तो पाट्यांवर असतो, पावतीपुस्तकांवर असतो, खादीच्या पिशव्यांवर छापलेला असतो. आमच्या शाळेची सहल सेवाग्रामला जायची. बापूकुटीच्या सारवलेल्या जमिनीवर आम्हा मुलींना बसवून बाई सांगायच्या, की गांधीजींनी हे नाव एका इंग्रजी पुस्तकाच्या आपल्या गुजराती रूपांतराला दिले. पुस्तक जॉन रस्किनचे, 'अन्टू धिस लास्ट'. १९०४ साली जोहान्सबर्गच्या स्टेशनवर हेन्री पोलॅक या मित्राने ते गांधीजींच्या हाती दिले, दरबानला पोहोचेपर्यंत त्यांना ते खाली ठेववेना, आणि त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. लगेच फिनिक्सची वसाहत उभी राहिली. पुढे साबरमती, आणि मग आमचे सेवाग्राम.

बाईंनी रस्किनविषयी एवढेच सांगितले होते. तो कुठे राहायचा, कुठल्या झाडाखाली, कुठल्या पाण्याकाठी वाढला, हे विचारायचे तेव्हा सुचले नाही. पन्नास वर्षांनी सुचले, तेही मँचेस्टरला, भाच्याच्या स्वयंपाकघरात.

भाचा तिथल्या इस्पितळात काम करतो. मी चहाचे आधण ठेवत होते, तर तो म्हणाला, "मावशी, हे पाणी कुठून येतं माहीत आहे? शंभर मैलांवरच्या तळ्यातून. थर्लमियर. पंपाशिवाय, नुसत्या उतारानं येतं." त्याला पाण्याचे कौतुक होते. माझ्या डोक्यात वेगळेच सुरू झाले. थर्लमियरच्या पुढचे गाव केझिक, आणि केझिकच्या तळ्याकाठी रस्किनच्या आठवणीचा एक दगड उभा आहे, हे मी कधीतरी वाचले होते. वर्ध्याची बाई मँचेस्टरपर्यंत आली आणि तो दगड न पाहता परतली, असे व्हायला नको होते. मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. भाच्याला रजा नव्हती. "एकटी जाशील? मग स्वेटर घे, छत्री घे, आणि बसचा नंबर लिहून घे," एवढे बजावून त्याने मला गाडीत बसवून दिले.

विंडरमियरपर्यंत रेल्वे जाते. ही रेल्वे १८४७ साली सुरू झाली. तिचा बेत निघाला तेव्हा विल्यम वर्ड्‌स्वर्थने कडाडून विरोध केला, वर्तमानपत्रात पत्रे लिहिली, एक सुनीतही लिहिले. डोंगरांची शांतता मोडेल ही त्याची भीती खरीच होती. पण गिरण्यांमधली माणसे गाड्या भरभरून आणली म्हणून त्यांना या सौंदर्याचा लाभ होईल असे नाही, हेही तो म्हणत होता. ते मला पटत नाही. निसर्ग पाहायला आधी नजर तयार लागते म्हणतात, पण ती तयार व्हायला निसर्ग दिसावाही लागतो. गाडीच्या डब्यात माझ्या समोर एक आजोबा दोन नातवंडांना घेऊन बसले होते. धाकट्याने नाक काचेला लावलेले होते, ते विंडरमियर येईपर्यंत काढले नाही.

स्टेशनबाहेरून ५५५ नंबरची बस मिळते. मी वरच्या मजल्यावर, अगदी पुढे बसले. ग्रासमियर आले, वर्ड्‌स्वर्थचे घर असलेले गाव. निम्मी बस तिथेच रिकामी झाली. मी उतरले नाही. त्याच्यावर मराठीत पुष्कळ लिहून झाले आहे आणि मला पुढे जायची ओढ होती. डनमेल रेझची खिंड चढून बस पलीकडे उतरली आणि डाव्या हाताला झाडांच्या फटींतून लांबच लांब पाणी दिसू लागले. हेच थर्लमियर.

पाणी सुंदर आहे, पण त्याच्या काठाला ओकेबोके पांढरट पट्टे आहेत. नैसर्गिक तळ्याला असे पट्टे नसतात, धरणाला असतात. मँचेस्टरच्या नगरपालिकेने १८७९ साली कायदा करून घेतला, खोऱ्याच्या तोंडाशी बांध घातला आणि १८९४ साली १५४ किलोमीटर लांबून शहरात पाणी आणले. तळ्याची पातळी पन्नास फूट वर चढली. काठची वस्ती बुडाली. विदबर्नचे इवलेसे पांढरे देऊळ, म्हणजे चर्च, तेवढे रस्त्याकडेला उरले आहे. मला मुळशी आठवली. १९२१ साली तिथल्या मावळ्यांनी आणि सेनापती बापटांनी सत्याग्रह केला तो याच दुःखासाठी. इथेही लोकांनी संघटना काढून विरोध केला होता. रस्किन त्यात होता. तो हरला, आणि त्याच पाण्याचा चहा मी आठवडाभर प्यायले होते.

आणखी एक गोष्ट मनातून जाईना. मँचेस्टरला एवढे पाणी लागत होते ते कापसामुळे वाढलेल्या वस्तीला आणि गिरण्यांना. अमेरिकेत यादवी पेटली आणि तिकडचा कापूस बंद झाला, तेव्हा आमच्या हिंगणघाटचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात गावाच्या नावाने विकला जात होता. त्याच्या थोडेच आधी, १८६० साली, रस्किनने मासिकात चार लेख लिहिले. ज्या अर्थशास्त्रात माणसाची किंमत फक्त त्याच्या मजुरीच्या दरात होते, ते शास्त्रच नव्हे, असे त्याने बजावले. वाचक एवढे खवळले की संपादक थॅकरेला लेखमाला चौथ्या लेखावर थांबवावी लागली. १८६२ साली त्याच लेखांचे 'अन्टू धिस लास्ट' झाले. वर्ध्याचा कापूस इकडे आला आणि इथले पुस्तक वर्ध्याला गेले. बस थर्लमियरवरून पुढे सरकत होती आणि मी हा हिशेब पुन्हा पुन्हा मांडत होते.

केझिक लहानसे आहे. एक बाजारचौक, त्यातून फुटलेल्या तीन-चार गल्ल्या, हिरवट करड्या पाटीदगडाची घरे, आणि कुठल्याही गल्लीच्या टोकाला डोंगर. उत्तरेला स्किडॉ, ९३१ मीटर, गावाच्या पाठीशी वडीलधाऱ्यासारखा बसलेला. १२७६ साली राजा पहिल्या एडवर्डने इथे बाजार भरवायची सनद दिली आणि बाजार अजून भरतो. चौकाच्या मधोमध मूट हॉल, १८१३ सालची इमारत. तिच्या घड्याळाला एकच काटा आहे. तासाचा. मिनिटाचा काटा नाहीच. मी चहाचा कप घेऊन समोरच्या बाकावर बसले आणि त्या घड्याळावरून किती वाजले ते ताडायचा प्रयत्न केला. सव्वातीन असावेत. शेजारच्या बाई म्हणाल्या, गावाला तेवढे पुरते.

दुपारी पाऊस आला. इथून काही मैलांवर सीथवेट नावाची वस्ती आहे, इंग्लंडातली सगळ्यात जास्त पावसाची. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. आमच्या वर्ध्यात त्याचा तिसरा हिस्सा पडला तरी शेतकरी बरे वर्ष म्हणतो. २०१५ च्या डिसेंबरात डेस्मंड वादळात जवळच्या होनिस्टर खिंडीत चोवीस तासांत ३४१ मिलिमीटर पाऊस झाला आणि ग्रेटा नदी केझिकच्या घरांत शिरली. आता तीच नदी पुलाखालून गुमान वाहत होती. तिच्या काठाने मी ग्रेटा हॉल शोधत गेले.

ते घर आज खासगी आहे. फाटकापाशी उभे राहून पाहिले. टेकाडावर पांढरे, ऐसपैस, खिडक्याच खिडक्या. १८०० साली कवी कोलरिज इथे राहायला आला. तीन वर्षांनी त्याचा साडू रॉबर्ट साउदी आला, आणि मग कोलरिज अफूच्या आणि मनाच्या दुखण्यात गाव सोडून गेला तो गेलाच. त्याची बायको, मुले, शिवाय आणखी एक विधवा मेहुणी, सगळ्यांचा संसार साउदीने ओढला. चाळीस वर्षे. रोज ठरल्या वेळी टेबलाशी बसून, परीक्षणे, चरित्रे, इतिहास, जे काम येईल ते लिहून. १८१३ साली तो राजकवी झाला. घरात चौदा हजार पुस्तके होती. आज त्याची कविता फारशी कुणी वाचत नाही. पण दोन घरांची पोरे लेखणीवर वाढवणाऱ्या माणसाविषयी मला आदर वाटतो, आणि तो कवितेच्या बाजारभावावर ठरत नाही.

हिंदुस्थान न पाहता त्याने १८१० साली 'द कर्स ऑफ केहामा' हे महाकाव्य लिहिले. आपल्या पुराणांतले देव, शाप, वर, सगळे त्यात आहे, पण भक्ती नाही. आपल्या वाचकाला ते परके वाटेल. १८३७ साली मात्र त्याने तीन अस्वलांची गोष्ट छापली आणि ती जगभर गेली. त्याच्या गोष्टीत अस्वलांच्या घरात शिरणारी एक म्हातारी आहे, सोनेरी केसांची मुलगी नंतर कुणीतरी आणली. मी माझ्या नातीला ही गोष्ट किती वेळा सांगितली असेल, आणि ती ज्या घरातून निघाली त्या घराच्या फाटकापाशी उभी राहून मला ते प्रथमच कळत होते.

त्याच १८३७ साली याच घरातून एक पत्र गेले. यॉर्कशरमधल्या एका वीस वर्षांच्या शिक्षिकेने आपल्या कविता राजकवीला पाठवून मत विचारले होते. साउदीने सौम्य शब्दांत कळवले, की साहित्य हा स्त्रीच्या आयुष्याचा व्यवसाय होऊ शकत नाही आणि होऊ नये. ती शिक्षिका म्हणजे शार्लट ब्राँटे. दहा वर्षांनी तिची 'जेन एअर' आली, तीही पुरुषी टोपणनावाने. साउदी प्रेमळ होता हे खरे, आणि त्याने त्या मुलीवर अन्याय केला हेही खरे. केझिकच्या क्रॉस्थवेट चर्चमध्ये त्याचा संगमरवरी पुतळा आडवा निजलेला आहे, हातात पुस्तक. बाहेर त्याची कबर. ती ब्राझीलच्या सरकारने दुरुस्त केली, कारण साउदीने ब्राझीलचा इतिहास लिहिला होता. ज्या देशात तो कधी गेला नाही त्या देशाने त्याचे ऋण मानले.

ग्रेटा हॉलच्या जवळच, नदीकाठी, जुना पेन्सिलींचा कारखाना आहे आणि त्या जागेला साउदीचेच नाव आहे. कारखाना काही वर्षांपूर्वी दुसरीकडे हलला, संग्रहालय मात्र इथेच आहे. मी अर्ध्या तासासाठी शिरले आणि दोन तास रमले.

सोळाव्या शतकाच्या मध्याला सीथवेटच्या डोंगरात काळ्या, गुळगुळीत, हाताला डाग लावणाऱ्या खनिजाची शीर सापडली. धनगर त्याने मेंढ्यांवर खुणा करू लागले. इतके शुद्ध, घट्ट ग्रॅफाइट दुसरीकडे कुठे मिळत नव्हते. करवतीने कापले की सरळ कांड्या निघत. तोफगोळ्यांच्या साच्यांना आतून लावायलाही ते वापरत, त्यामुळे त्याची किंमत भलतीच चढली आणि चोरी सुरू झाली. खाणीवर हत्यारी पहारा बसला, १७५२ साली चोरीला जबर शिक्षेचा कायदा झाला. लोकांना ते शिसे वाटले, म्हणून त्याला काळे शिसे म्हणू लागले. चूक शास्त्रज्ञांनी पुढे सुधारली, नाव राहिले. आपण अजून 'शिसपेन्सिल' म्हणतो, ती याच डोंगरातली चूक. पेन्सिलीत शिसे औषधालाही नसते.

काचेखाली त्या खनिजाचा एक गोळा ठेवलेला होता. पावट्याच्या शेंगेला तेल लावल्यासारखी त्याला चकाकी, आणि एका बाजूला करवतीचा सपाट काप. त्या कापावर ओरखडे दिसत होते, बारीक, समांतर, कुणाच्या तरी हातांच्या ये-जा करण्याचे. पहिलीत बाबांनी आणलेली पिवळी पेन्सिल मी ब्लेडने तासायची, तेव्हा अंगठ्याच्या कडेला बसणारी काळी पूड मला तिथे जशीच्या तशी आठवली.

दुसऱ्या महायुद्धातल्या एका पेन्सिलीपाशी शाळेची मुले गर्दी करून होती. दिसायला साधी हिरवी पेन्सिल. पण आत पोकळ, त्यात गुंडाळी केलेला नकाशा, आणि टोकाच्या खोडरबराखाली इवलेसे होकायंत्र. शत्रूच्या मुलखात सापडलेल्या वैमानिकांना सुटकेची वाट सापडावी म्हणून त्या इथे बनवल्या. नेहमीचे कामगार घरी गेल्यावर मोजक्या माणसांनी गुपचूप. गावाला पत्ता नव्हता.

संध्याकाळी पाऊस थांबला. इथे मेअखेरीला रात्री नऊ-साडेनऊपर्यंत उजेड असतो. मी जेवणाआधी पुन्हा नदीकडे गेले, कारण मला एक इमारत पाहायची होती. ग्रेटा पुलाजवळची, लाकडी सज्जाची, १८९४ सालची. केझिक स्कूल ऑफ इंडस्ट्रियल आर्ट. ही शाळा काढली क्रॉस्थवेटचे धर्मगुरू हार्डविक रॉन्सली आणि त्यांच्या पत्नी एडिथ यांनी, १८८४ साली. हिवाळ्यात काम नसलेल्या गावकऱ्यांना संध्याकाळी तांब्याचे नक्षीकाम आणि लाकूडकाम शिकवायचे, हातांना कसब द्यायचे आणि कसबाला दाम. विचार रस्किनचा, हात गावाचे. जवळपास शंभर वर्षे, १९८४ पर्यंत, ही शाळा चालली.

मी तिथे उभी होते आणि मला वर्ध्याची मगनवाडी दिसत होती. वर्ध्याला १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला, जे. सी. कुमारप्पांनी तो उभा केला, आणि १९३८ साली गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडले. घाणी, हातकागद, चरखे, मधुमक्षिका. लहानपणी त्या दालनांतून फिरताना ही कल्पना पूर्णपणे आमच्या मातीतली आहे असे वाटायचे. ती आमच्या मातीत रुजली हे खरेच. पण तिची एक बहीण इथे, पावसाच्या गावात, पन्नास वर्षे आधी जन्मली होती.

चरखाही होता. रस्किनच्या सांगण्यावरून त्याच्या अनुयायांनी १८८३ च्या सुमारास लँग्डेलच्या खोऱ्यात जवसाच्या धाग्याची हातसूतकताई पुन्हा सुरू केली. यंत्रांनी ती कधीच मारून टाकली होती. म्हाताऱ्या बायांच्या माळ्यांवरचे चरखे खाली आले. पुढे ते काम केझिकलाही सुरू झाले. रस्किन २० जानेवारी १९०० रोजी वारला, तेव्हा त्याच्या शवपेटीवर घालायचे वस्त्र केझिकमध्येच तयार झाले. हाताने काढलेल्या सुताचे, त्यावर रानगुलाब भरलेले, आणि अक्षरे भरलेली: 'अन्टू धिस लास्ट'. ते वस्त्र कॉनिस्टनच्या रस्किन संग्रहालयात आहे. माझ्याकडे तेवढे दिवस नव्हते, ते पाहायचे राहिले, आणि याची हळहळ मला आजही आहे. गांधीजींच्या हाती ते पुस्तक पडायला तेव्हा अजून चार वर्षे होती.

सकाळी लवकर निघाले. गावातून तळ्यापर्यंत दहा मिनिटे, आणि काठाने पुढे दहा मिनिटे चालले की फ्रायर्स क्रॅग, पाण्यात घुसलेले खडकाळ टोक. पूर्वी इथून साधू-फकीर होडीने सेंट हर्बर्टच्या बेटावर जात, म्हणून हे नाव पडले म्हणतात. हर्बर्ट त्या बेटावर एकांतात राहायचा. त्याने आणि त्याचा मित्र संत कथबर्ट याने एकाच दिवशी मरण मागितले, आणि ६८७ साली दोघे एकाच दिवशी गेले, असे इतिहासकार बीडने आपल्या इतिहासात नोंदवले आहे. त्याच बेटाला बिअॅट्रिक्स पॉटरने १९०३ साली खारीच्या गोष्टीत जागा दिली.

दगड वाटेच्या डाव्या अंगाला, पाइनच्या झाडांत आहे. माणसाहून उंच, न घडवलेला, बॉरोडेलचा पाटीदगड. त्यावर काशाच्या गोल पदकात रस्किनचा बाजूने दिसणारा चेहरा. खोल डोळा, हिरवट गंज. आयुष्यातली आपली पहिली आठवण म्हणजे दाईने या कड्याच्या टोकाला आणले ती, असे रस्किनने लिहून ठेवले होते. तेच दगडावर कोरले आहे. पदकाच्या वरच्या कडेला शेवाळाचा नाजूक हिरवा दोरा धरला होता. त्यावर रात्रीच्या पावसाचा एक थेंब टेकलेला, पडेना आणि सुकेना. मी हात लावला. दगड गार होता, आणि हाताला पाटीसारखा लागत होता, शाळेतल्या आपल्या पाटीसारखा.

'अन्टू धिस लास्ट' हे शब्द बायबलातल्या दृष्टान्तातले. द्राक्षमळ्याचा मालक सकाळपासून राबलेल्या मजुराला जेवढा दाम देतो तेवढाच दिवस कलताना आलेल्या शेवटच्या मजुरालाही देतो. गांधीजींनी या पुस्तकातून घेतले, की सगळ्यांच्या भल्यातच एकाचे भले आहे, वकिलाच्या कामाची आणि न्हाव्याच्या कामाची किंमत सारखीच, आणि अंगमेहनतीचे जगणे हेच खरे जगणे. विनोबा या शेवटच्या माणसाच्या उदयाला अंत्योदय म्हणत. पवनारच्या धाम नदीकाठी माझ्या आजोबांनी ते ऐकले होते आणि घरी येऊन आजीला सांगितले होते. आजीने विचारले होते म्हणे, मग आपल्या सालगड्याला किती द्यायचे? त्या वर्षी त्याचे साल वाढले. आमच्या घरात या पुस्तकाचा परिणाम असा, ज्वारीच्या पायल्यांत मोजता येईल असा झाला.

दगडापासून थोडे पुढे रॉन्सलींच्या नावाची पाटी आहे. त्यांच्याविषयी मराठीत फारसे लिहिलेले माझ्या वाचनात नाही, म्हणून इथे थोडे थांबते. १८८७ साली केझिकच्या वरच्या लॅट्रिग टेकडीवरची जुनी पायवाट जमीनमालकाने अडवली. रॉन्सली ज्या पायवाट संरक्षण संघाचे अध्यक्ष होते, त्या संघाच्या हाकेला सुमारे दोन हजार माणसे जमली आणि उघडपणे, दिवसाढवळ्या, अडथळे ओलांडून माथ्यावर गेली. खटला झाला आणि माथ्यावर जायची वाट लोकांना मिळाली. सत्याग्रह हा शब्द तेव्हा जन्मायचा होता. रस्किननेच रॉन्सलींची गाठ ऑक्टाव्हिया हिल या समाजसेविकेशी घालून दिली होती. या दोघांनी आणि रॉबर्ट हंटर या वकिलाने १८९५ साली नॅशनल ट्रस्ट स्थापन केला. त्याचे साधे सूत्र असे, की सुंदर जागा विकत घ्यायची ती कायमची, आणि सगळ्यांसाठी.

मी होडीत बसले. यांत्रिक होडी डरवेंटवॉटरला, म्हणजे केझिकच्या या तळ्याला, फेरी घालते, धक्क्याधक्क्याला थांबते. तळे पाच किलोमीटर लांब, दीड किलोमीटर रुंद. हाय ब्रँडलहाउच्या धक्क्यावर मी एकटीच उतरले. ओकच्या झाडांखाली निळ्या घंटाफुलांचे शेवटचे तुरे होते, उतारावर हर्डविक मेंढ्या आणि त्यांची कोकरे. आया करड्या, कोकरे काळीभोर. वय वाढेल तसा रंग उतरतो.

१९०२ साली ब्रँडलहाउचा हा काठ घरे बांधण्यासाठी विकला जाणार होता. रॉन्सली आणि ऑक्टाव्हिया हिल यांनी लोकांना हाक दिली आणि पाच महिन्यांत ६,५०० पौंड जमले. मोठे देणगीदार होते, पण गिरण्यांच्या शहरांतून कामगारांचे शिलिंगही आले. एका कामगाराने थोडे पैसे पाठवून कळवले होते, की ही तळी पाहायची इच्छा जन्मभर होती, आता ते जमायचे नाही, पण दुसऱ्यांसाठी ती राखायला हातभार लावतो. मी हे पूर्वी वाचले होते. तिथे झाडाखाली उभी असताना ते पुन्हा आठवले आणि मला पुढे चालवेना, थोडी बसले.

बसायला जागाही तशीच होती. शंभर वर्षे झाली म्हणून २००२ साली ट्रस्टने तिथे ओकच्या लाकडाचे दोन प्रचंड हात कोरून ठेवले आहेत, तळवे वर उघडे. माझ्या आधी त्या ओंजळीत एक चार-पाच वर्षांची मुलगी बसून सफरचंद खात होती. ती सरकली, मला जागा दिली. पावसाने लाकूड काळवंडले आहे, बोटांच्या खाचांत पाइनच्या सुया साचल्या आहेत. समोर पाणी, पाण्यापलीकडे फ्रायर्स क्रॅग. दगड इतक्या लांबून दिसत नाही.

मराठी पर्यटक इंग्लंडची तळी पाहायला आता पुष्कळ जातात. सहलीच्या गाड्या विंडरमियरला बोटीत फिरवतात, ग्रासमियरला अर्धा तास थांबवतात आणि परत फिरतात. माझी विनंती आहे, की एक दिवस वाढवा. विंडरमियरहून ५५५ नंबरची बस थेट केझिकला जाते, तासाभराचा रस्ता. फ्रायर्स क्रॅग पाहायला पैसे पडत नाहीत. ब्रँडलहाउचे १०८ एकरही असेच खुले आहेत, सकाळी, संध्याकाळी, पावसात, कुणालाही. आणि परत आलात की वर्ध्याला या, मगन संग्रहालय पाहा. सेवाग्रामची वाट स्टेशनावर कुणीही दाखवेल.